डार्सीचे दहा हजार आणि जेनचे चाळीस पौंड: 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधल्या लग्नांचा हिशोब

नागपुरातल्या कुठल्याही परिचय मेळाव्याची पुस्तिका उघडून बघा. मुलाच्या फोटोशेजारी शिक्षण, नोकरी, पॅकेज, घर स्वतःचं की भाड्याचं, शेती असेल तर किती एकर आणि ओलिताची आहे का, बहिणींची लग्नं झाली का, हे सगळं ओळीनं मांडलेलं असतं. स्वभावाचा रकाना बहुधा नसतोच. असला तर त्यात सगळेच मनमिळाऊ. जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' २८ जानेवारी १८१३ला लंडनमध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिच्यातही माणसाच्या आधी त्याचा आकडा दारातून आत येतो. बिंगली नावाच्या अविवाहित तरुणानं नेदरफील्डचा बंगला भाड्यानं घेतल्याची बातमी पहिल्याच प्रकरणात कळते, सोबत त्याचं वर्षाचं उत्पन्न चार-पाच हजार पौंड. त्याचा मित्र डार्सी नाचाच्या कार्यक्रमात शिरतो, आणि पाच मिनिटांत त्याचे दहा हजार सगळ्यांच्या तोंडी झालेले असतात.

इंग्रजी साहित्य घेऊन बीए-एमए करणाऱ्यांना ही कादंबरी कधी ना कधी भेटतेच. बहुतेकांच्या उत्तरात ती 'प्रेम विरुद्ध पैसा' अशी येते: नायिका एलिझाबेथ बेनेट प्रेमाच्या बाजूची, तिची मैत्रीण शार्लट पैशाच्या बाजूची, एलिझाबेथ जिंकली, विषय संपला. असं वाचलं की निम्मी कादंबरी हातातून जाते. यातल्या प्रत्येक पात्राचं लग्नाबद्दलचं मत त्याच्या घरच्या वहीखात्यातून निघालेलं आहे. खातं आधी पाहिलं तर मतं समजतात, आणि कोण मूर्ख, कोण शहाणं, हा निकाल द्यायची घाई कमी होते.

आधी आकडे

कादंबरीत दोन प्रकारचे आकडे येतात. दोन्ही पौंडांतच, म्हणून घोळ होतो. पुरुषाचा, विशेषतः जमीनवाल्याचा, आकडा म्हणजे वर्षाचं उत्पन्न. मुलीचा आकडा म्हणजे एकरकमी पुंजी, जी लग्नात तिच्याबरोबर जाणार. डार्सीचे दहा हजार दरवर्षीचे आहेत. त्याची बहीण जॉर्जियाना हिचे तीस हजार, बिंगलीच्या बहिणींचे प्रत्येकी वीस हजार, मिस किंगचे दहा हजार, ही सगळी एकदाच मिळणारी रक्कम. हा फरक सुटला की बहीण भावापेक्षा तिप्पट श्रीमंत वाटायला लागते.

पुंजीवरून उत्पन्न काढायची रीत सोपी आहे. पैसा सुरक्षित ठेवायचा म्हणजे सरकारी रोख्यांत, आणि गणिताला व्याज चार-पाच टक्के धरायचं. बिंगलीच्या वडिलांनी त्याच्यासाठी जवळपास एक लाख पौंड ठेवले होते. चार टक्क्यांनी चार हजार, पाचनं पाच हजार. एलिझाबेथच्या आईचा, बेनेटबाईंचा, 'चार-पाच हजार' हा मोघम वाटणारा अंदाज असा चोख बसतो. जॉर्जियानाच्या तीस हजारांचे याच रीतीनं वर्षाला बाराशे होतात. डार्सीइतकं उत्पन्न नुसत्या व्याजावर हवं असेल, तर अडीच लाख पौंड बाजूला ठेवावे लागतील.

आता एलिझाबेथचं, म्हणजे बेनेटांचं घर: आई-वडील आणि पाच मुली, त्यात जेन थोरली. वर्षाचं उत्पन्न दोन हजार. घरात बटलर आहे, स्वयंपाकीण आहे, दारात घोडागाडी आहे. ही माणसं गरीब नाहीत. धोका पुढे आहे, आणि तो एका आकड्यात मावतो. मिस्टर बेनेट गेले की लॉन्गबोर्नची सगळी जमीन आणि घर दूरच्या नात्यातल्या कॉलिन्सकडे जाणार. मागे राहते ती लग्नाच्या कराराप्रमाणे बायको-मुलांच्या नावे केलेली पाच हजारांची पुंजी. चार टक्क्यांनी तिचे वर्षाला दोनशे होतात. दोन हजारांवर चालणारं घर एका रात्रीत दोनशेवर, आणि खाणारी तोंडं सहा. आई गेल्यावर प्रत्येक मुलीच्या वाट्याला एक हजार, म्हणजे वर्षाला चाळीस पौंड. डार्सीच्या उत्पन्नाचा अडीचशेवा हिस्सा.

हा चाळीसचा हिशोब कॉलिन्स एलिझाबेथला मागणी घालतानाच तिच्या तोंडावर मांडतो: चार टक्क्यांच्या रोख्यांतले एक हजार, तेही आई गेल्यानंतर, याहून जास्त तुला काही मिळायचं नाही, पण लग्नानंतर मी त्यावरून कधी टोमणा मारणार नाही. पुढे तो असंही सुचवतो की एवढ्याशा पुंजीवर दुसरं कोणी विचारायला येईल याचा भरवसा नाही. प्रसंग हसण्यासारखा आहे, आणि गणित अचूक आहे. ऑस्टिनची खरी करामत इथे आहे: खरं बोलायचं काम तिनं मूर्खाकडे दिलंय.

चूक कुठे झाली? बेनेटांना मुलगा होणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, म्हणून बचत करायचं कारणच कोणाला दिसलं नाही. पहिल्या प्रकरणात या दोघांच्या संसाराला तेवीस वर्षं झालेली आहेत. उत्पन्नाचा फक्त दहावा हिस्सा, म्हणजे वर्षाला दोनशे, बाजूला पडला असता तर व्याज न धरताही चार हजार सहाशे जमले असते आणि मुलींची पुंजी जवळजवळ दुप्पट झाली असती. ५०व्या प्रकरणात मिस्टर बेनेटना याची हळहळ पूर्वीपेक्षा जास्त वाटते, तोवर धाकटी मुलगी लिडिया विकम नावाच्या लष्करी अधिकाऱ्याबरोबर पळून गेलेली असते.

मुलींना जमीन का मिळत नाही

या व्यवस्थेला एन्टेल म्हणतात. पूर्वजांपैकी कोणीतरी दस्त करून ठेवलेला असतो की ही जमीन पिढ्यान् पिढ्या पुरुष वारसाकडेच जाईल, तिचे तुकडे होणार नाहीत. आजचा मालक हयात असेतो उत्पन्न खाऊ शकतो. विकू शकत नाही, मृत्युपत्रानं मुलींना देऊ शकत नाही. दस्त मोडायची वाट एकच: मालकाला मुलगा व्हावा, तो सज्ञान व्हावा, आणि बाप-लेकानं मिळून बंधन काढून टाकावं. बेनेट मुलाची वाट बघत होते ती यासाठी. पाचही मुली झाल्या आणि ती वाट बंद झाली.

इथे आपल्याकडचे वाचक दोन ठिकाणी घसरतात. 'इंग्लंडमध्ये स्त्रियांना वारसाहक्क नव्हता' असं सरसकट लिहितात. तसं नाही, एन्टेल हा त्या-त्या जमिनीचा प्रश्न होता. डार्सीच्या मावशी लेडी कॅथरिन स्वतःच सांगतात की त्यांच्या नवऱ्याच्या घराण्यात याची गरज वाटली नाही, त्यामुळे त्यांची इस्टेट मुलीलाच, ॲनला, मिळणार आहे. दुसरी घसरण म्हणजे हिंदू वारसाहक्काच्या आपल्या मिताक्षरा पद्धतीशी थेट बरोबरी. आपल्याकडे मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं वाटा महाराष्ट्रात १९९४च्या दुरुस्तीनं मिळाला, तोही तोवर लग्न न झालेल्यांनाच. देशभर तो २००५ला आला. तोपर्यंत मुली बाहेर होत्या हे दोन्हीकडे सारखं. पण मिताक्षरात सगळे मुलगे वाटेकरी. एन्टेलमध्ये एकच पुरुष सगळं घेऊन जातो, मग तो अनोळखी का असेना.

शिवाय आपल्याकडे मुलगा नसलेल्या घराला दत्तकाचा रस्ता होता. इंग्लंडमध्ये दत्तकाला कायद्याची मान्यता १९२६पर्यंत नव्हतीच. (नागपूरकरांना दत्तकाचा विषय वेगळ्या कारणानं ठाऊक आहे. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३मध्ये मुलगा नसताना वारले, डलहौसीनं दत्तक मानला नाही, आणि १८५४ला राज्य कंपनीकडे गेलं. तो राज्याचा मामला होता, हा एका घरच्या दस्ताचा. पण पुरुष वारस नाही म्हणून अंगण परकं होणं म्हणजे काय, हे नागपूरच्या महाल भागातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.)

लग्न झालेल्या बाईचं काय? इंग्लंडच्या कायद्यात तिचा रोख पैसा आणि जंगम मालमत्ता नवऱ्याची होई, वेगळा करार करून ठेवला असेल तेवढाच वाचे. हे बदलायला १८७० आणि १८८२चे कायदे यावे लागले. पूर्ण घटस्फोट, म्हणजे दुसरं लग्न करता येईल असा, १८५७च्या आधी पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा करून घेतल्याशिवाय मिळत नसे. पंधरा वर्षांच्या जॉर्जियानाला पळवून न्यायचा विकमचा डाव नेमका काय होता, ते यावरून उघड होतं.

डार्सी शेतकरी नव्हे, मालगुजार

आजच्या विदर्भात जमिनीची गोष्ट उलटी आहे. वीस एकर कोरडवाहू असलेल्या घरच्या मुलाला स्थळं येत नाहीत, आणि जिल्हा परिषदेतल्या कारकुनाकडे मध्यस्थ चकरा मारतात. कापसाचा भाव आणि पाऊस यांच्या भरवशावर कोणी मुलगी देत नाही. हीच नजर घेऊन कादंबरी वाचली, तर 'जमीनवाला म्हणून मोठा' हे पटतच नाही.

डार्सीच्या हाताला माती लागत नाही. त्याची जमीन कुळं कसतात, तो खंड घेतो. आपल्याकडचा जवळचा माणूस म्हणजे मध्य प्रांतातला मालगुजार, ज्याची मालकी १९५०च्या कायद्यानं गेली आणि ज्याची आठवण पूर्व विदर्भात 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या नावात उरली आहे. मालगुजार थोडी सीर जमीन स्वतःकडे ठेवून कसवून घेई. बेनेटांकडेही तशी घरची शेती आहे. सातव्या प्रकरणात जेनला नेदरफील्डला जायला गाडी मिळत नाही, कारण घोडे शेतावर लागलेले असतात. पायरी ओळखायला हा एक तपशील पुरे: दोन हजारवाल्याकडे गाडीचे आणि शेताचे घोडे तेच.

डार्सीला पदवी नाही, हेही लक्षात ठेवा. चित्रपट पाहून आलेले त्याला हमखास लॉर्ड करतात. तो साधा मिस्टर आहे, मात्र त्याची आई अर्लची, म्हणजे बड्या सरदाराची, मुलगी आणि लेडी कॅथरिनची बहीण. बेनेटही मिस्टरच आणि जमीनवालेच. म्हणून ५६व्या प्रकरणात एलिझाबेथ लेडी कॅथरिनना सुनावते की तो सभ्य घराण्यातला, मी सभ्य घराण्यातल्या माणसाची मुलगी, इथवर आम्ही बरोबरीचे. त्यावर लेडी कॅथरिन लगेच विचारतात: पण तुझी आई कोण? मामा-मावश्या कोण? हा प्रश्न बिनतोड आहे. आई मेरिटन गावातल्या साध्या वकिलाची मुलगी, लग्नात चार हजार घेऊन आलेली. मावशीचा नवरा त्याच वकिलाचा आधीचा कारकून. मामा गार्डिनर लंडनच्या चीपसाइड भागातला व्यापारी, स्वतःच्या गोदामांपासून हाकेच्या अंतरावर राहणारा.

व्यापाराचा पैसा कमी नसे. प्रश्न तो किती जुना झाला याचा. बिंगलीचा पैसा व्यापारातूनच आलेला. वडिलांना जमीन घ्यायची होती, त्याआधीच ते वारले. मुलगा भाड्याच्या बंगल्यात राहून जमीनवाल्यासारखं जगून बघतोय. शेवटच्या प्रकरणात तो डर्बीशरच्या शेजारच्या जिल्ह्यात इस्टेट घेतो, आणि घराणं वरच्या पायरीवर चढतं. चीपसाइडच्या मामाला सगळ्यात जास्त हसतात त्या बिंगलीच्या बहिणी, आणि लेखिका चौथ्याच प्रकरणात टोला मारून ठेवते की घराणं चांगलं हे त्यांच्या पक्कं लक्षात होतं, पैसा व्यापारातला हे तेवढं नव्हतं.

आठव्या प्रकरणात याच विषयावर दोन मित्रांची दोन मतं शेजारी-शेजारी येतात. बिंगली म्हणतो, सगळं चीपसाइड भरेल इतके मामा असले तरी या मुली तेवढ्याच चांगल्या. डार्सी म्हणतो, पण त्यानं त्यांना प्रतिष्ठित स्थळ मिळायची शक्यता पुष्कळ कमी होते. डार्सी इथे दुष्टपणा करत नाही, बाजारभाव सांगतोय. बिंगलीला मोकळं बोलणं परवडतं, कारण त्याला राखायला जुनं घराणंच नाही.

सर विल्यम लुकास हे या शिडीवरचं सगळ्यात बोलकं उदाहरण, आणि त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही. मेरिटनमध्ये व्यापार करून बरा पैसा मिळवला, महापौर असताना राजाला मानपत्र दिलं, 'सर' झाले, आणि त्या सन्मानापायी धंद्याचा वीट आला. दुकान बंद करून गावाबाहेर मैलावर घर घेतलं, त्याला 'लुकास लॉज' नाव दिलं. आता मिळकत थांबलेली, मुलं बरीच, आणि थोरल्या मुलीला लग्नात द्यायला फारसं काही नाही. ती थोरली मुलगी म्हणजे शार्लट. बापाच्या 'सर'कीची किंमत तिनं भरली.

शार्लटचा व्यवहार

शार्लट सत्तावीस वर्षांची, दिसायला साधारण, पुंजी जवळजवळ शून्य. सहाव्या प्रकरणातच ती आपलं मत सांगते: लग्नात सुख लाभणं हा निव्वळ योगायोग, आधी एकमेकांना कितीही ओळखलं तरी नंतर फरक पडायचा तो पडतो, म्हणून जोडीदाराचे दोष जेवढे कमी माहीत तेवढं बरं. एलिझाबेथ हसते, तिला हे मनापासून बोललेलं वाटत नाही. २२व्या प्रकरणात शार्लट कॉलिन्सला होकार देते, तेव्हा ते मनापासूनच होतं हे कळतं.

तो होकार घरात कसा उतरतो ते सावकाश वाचा. आईच्या डोक्यात लगेच हिशोब सुरू होतो, की मिस्टर बेनेट आणखी किती वर्षं जगतील. धाकट्या बहिणींना वाटतं, आता आपल्याला वर्ष-दोन वर्षं लवकर समाजात मिरवता येईल. भावांना हायसं होतं, कारण बहीण बिनलग्नाची राहिली असती तर ती त्यांच्या गळ्यात पडली असती. एका मुलीच्या 'हो'मध्ये किती जणांची सोय असते, हे ऑस्टिन चार ओळींत दाखवते, आणि तेही कोणाला खलनायक न करता. शार्लटपुढे दुसरा मार्ग काय होता? शिकलेल्या पण पैसा नसलेल्या मुलीला अब्रूनं जगण्याची सोय म्हणजे लग्न, एवढीच. गव्हर्नेस, म्हणजे श्रीमंतांच्या घरी राहून मुलांना शिकवणारी बाई, होता आलं असतं. ती नोकरी म्हणजे परक्या घरी ना धड नोकर, ना धड घरची.

आता ३०वं प्रकरण. एलिझाबेथ हन्सफर्डला शार्लटच्या घरी राहायला जाते. तिला नवल वाटतं: जेवणघर मोठं, उजेडाचं, बाहेरचं दृश्य छान, असं असताना शार्लट रोज मागच्या अंगाच्या लहान खोलीत का बसते? थोड्या दिवसांत कारण उमगतं. कॉलिन्सची पुस्तकांची खोली रस्त्याकडे आहे, तिथून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या दिसतात. बायकांची खोली तेवढीच प्रसन्न असती, तर तो दिवसभर तिथेच येऊन बसला असता. शार्लटनं खराब खोली निवडून नवरा दूर ठेवलाय. त्याला बागकामाची गोडी लावण्यातही तिचा हात आहे. तब्येतीला चांगलं असतं, म्हणे. या घरात भांडण नाही, तक्रार नाही. कॉलिन्स आहे हे विसरता आलं की घर सुखाचं आहे, असं लेखिका सांगते, आणि विसरता बरेचदा येत असावं असं एलिझाबेथला वाटतं.

हे लग्न यशस्वी की अयशस्वी? परीक्षेत हा प्रश्न येतो आणि 'अयशस्वी' लिहिलं जातं. शार्लटनं जे मागितलं ते तिला मिळालं: स्वतःचं घर, स्वतःच्या कोंबड्या, भावाच्या दारात न जाण्याची सोय. किंमत काय पडली, ते त्या मागच्या खोलीनं सांगितलं. निकाल लिहायचाच असेल तर दोन्ही बाजू आकड्यांसकट लिहा.

ऑस्टिनला हा विषय पुस्तकातून कळलेला नव्हता. डिसेंबर १८०२मध्ये हॅरिस बिग-विदर नावाच्या, मोठ्या इस्टेटीच्या वारसाची मागणी तिनं संध्याकाळी स्वीकारली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोडली. तेव्हा तिला सत्तावीस पूर्ण व्हायला थोडेच दिवस होते. पुढे वडील वारल्यावर आई आणि दोघी बहिणी भावांच्या मदतीवर राहिल्या. या कादंबरीचे हक्क तिनं ११० पौंडांना विकले. शार्लटला कमी लेखणारा वाचक हे विसरतो की तिची मांडणी करणाऱ्या बाईला नकाराचा भाव नेमका ठाऊक होता.

एलिझाबेथ सरळ रेषेत चालत नाही

एलिझाबेथचं मत असं सांगितलं जातं: मनाशिवाय लग्न नाही. कॉलिन्सला नकार दिला, डार्सीला पहिल्यांदा नकार दिला, हे खरं. पण शार्लटवर रागावणारी हीच एलिझाबेथ, विकम तिला सोडून दहा हजारवाल्या मिस किंगच्या मागे लागतो तेव्हा चटकन समजून घेते. देखण्या तरुणांनाही पोटापाण्याला काही लागतंच, असं म्हणते. लेखिका तिथेच नोंदवते की शार्लटच्या बाबतीत तिची नजर जितकी स्वच्छ होती तितकी इथे नव्हती.

२७व्या प्रकरणात मामी तिला अडवतात, तेव्हा ती उलट विचारते: लग्नात लोभीपणा आणि शहाणपणा यात फरक तो काय? शहाणपण कुठे संपतं आणि हाव कुठे सुरू होते? नाताळात तुम्हीच मला सांगत होतात की विकमकडे पैसा नाही, त्याच्यात गुंतू नकोस. आता तो दहा हजारवाली बघतोय तर तुम्ही त्याला लोभी ठरवता. मामींकडे नेमकं उत्तर नाही. कादंबरीकडेही नाही. वेळ थोडा असेल तर हे एक प्रकरण नीट वाचा. लग्न आणि पैसा यावरचा सगळा वाद इथे एका गाठीत आहे.

डार्सीची पेम्बर्लीची हवेली बघितल्यावर, इथली मालकीण होणं म्हणजे काही कमी नाही, हे तिच्या मनात येऊन जातं. पुढे प्रेमात कधी पडलीस असं जेन विचारते, तर ती म्हणते, त्याची ती सुंदर बाग पहिल्यांदा पाहिली तेव्हापासून. थट्टा आहे, जेनही थट्टेवारीच नेते. तरी ती बाग दहा हजारांची आहे.

डार्सीची पहिली मागणी ३४व्या प्रकरणात आहे. प्रेम सांगता-सांगता तो तिच्या घराण्याचा कमीपणा आणि स्वतःला मारावं लागलेलं मन याबद्दलच जास्त बोलतो. पुढच्या प्रकरणातल्या पत्रात बारकावा आहे: मामाचा व्यापार वगैरे आड येत होताच, पण त्याहून जास्त टोचलं ते आईचं, तीन धाकट्या बहिणींचं आणि अधूनमधून वडिलांचंही वागणं. म्हणजे दर्जाची दोन मापं आहेत, जन्माचं आणि वागण्याचं. उरलेल्या कादंबरीत दुसरं माप त्याच्यावरच उलटतं. चीपसाइडचे मामा-मामी घरंदाज वागतात आणि अर्लची मुलगी असलेल्या लेडी कॅथरिन लोकांच्या घरात शिरून मुलीला दमदाटी करतात. शेवटी पेम्बर्लीत गार्डिनर दांपत्य अगदी घरचं होतं.

बाकीची मतं थोडक्यात आटोपतील. कर्नल फिट्झविल्यम अर्लचा धाकटा मुलगा. ३३व्या प्रकरणात तो एलिझाबेथला गोड शब्दांत कळवतो की धाकट्यांना पैसा बघूनच लग्न करावं लागतं, कारण इस्टेट थोरल्याची. मिस्टर बेनेट रूपावर भाळले, समजूत कमी असलेली बायको मिळाली, आणि उरलेलं आयुष्य तिची टिंगल करून काढलं. प्रेमविवाहाचा पुरस्कार करणाऱ्यांनी ४२व्या प्रकरणाची सुरुवात वाचावी. लिडियाला सोळाव्या वर्षी लग्न म्हणजे लाल कोटातला लष्करी माणूस. एकवीसच्या आतल्या मुलीला आई-बापाच्या संमतीशिवाय परवान्यावर लग्न करायला इंग्लंडमध्ये बंदी होती, स्कॉटलंडमध्ये नव्हती. म्हणून पळून जाणारे सरहद्दीवरचं ग्रेटना ग्रीन गाठत. लिडिया आणि विकम तिथे न जाता लंडनला लपले, यातच विकमला लग्न करायचं नव्हतं हे दिसतं. त्याला तयार करायला डार्सीला हजाराहून बरंच जास्त कर्ज फेडावं लागलं, लिडियाच्या नावे आणखी एक हजार करावे लागले, आणि लष्करातली जागा विकत घेऊन द्यावी लागली.

बेनेटबाईंना सगळे हसतात, मिस्टर बेनेट तर पहिल्या पानापासून. त्यांचं बोलणं उथळ आहे, मुलींचं त्यानं नुकसानही होतं. पण दोनशे पौंडांचं भविष्य घरात फक्त त्यांनाच झोपू देत नाही. पाच मुली, वर्षाला चाळीस: हा आकडा त्यांच्या बाजूनं एकदा लिहून बघा.

जातीशी तुलना कुठवर

वर्गात हमखास कोणी म्हणतं, 'हे आपल्या जातीसारखंच'. अर्धंच खरं. या कादंबरीतला दर्जा पैशानं आणि जमिनीनं एका पिढीत बदलतो, बिंगलीचा बदलला. पुस्तिकेतली 'जातीची अट' कितीही मोठ्या पॅकेजनं हलत नाही. आंतरजातीय विवाह हाच जात मोडायचा खरा उपाय, असं बाबासाहेबांनी १९३६मध्ये लिहिलं ते यामुळेच: जात लग्नाच्या कुंपणावर उभी आहे. ऑस्टिनच्या जगात कुंपणाला फाटक आहे आणि तिथे पैसे घेतले जातात. मात्र एका जागी भाषा फार जवळ येते. ५६व्या प्रकरणात लेडी कॅथरिन, हे लग्न झालं तर पेम्बर्लीच्या सावलीला विटाळ होईल, अशा अर्थाचं बोलतात. तिथे मुद्दा पैशाचा राहत नाही.

एक गोष्ट कादंबरीत अजिबात येत नाही. डार्सीचे दहा हजार ज्यांच्या खंडातून जमतात ती कुळं. घरची कारभारीण मिसेस रेनल्ड्स मालकाचं कौतुक करते, त्यात तो कुळांशी चांगला वागतो एवढं कळतं, बस्स. एलिझाबेथ शिडी मोडत नाही. तिचा दावा एवढाच की आम्ही दोघं एकाच पायरीवर आहोत. तिला क्रांतिकारक ठरवणारी उत्तरं या वाक्यापाशी अडतात.

वाचायला बसताना

एकूण ६१ प्रकरणं, मूळ तीन खंडांत २३, १९ आणि १९ अशी. काही आवृत्त्यांत प्रत्येक खंडाला पुन्हा एकपासून क्रमांक असतात, तेव्हा वर दिलेले आकडे जुळवून घ्या: ३४वं म्हणजे दुसऱ्या खंडातलं अकरावं, ५६वं म्हणजे तिसऱ्यातलं चौदावं. वाचन मंडळात वाचणार असाल तर एका बैठकीला एक खंड असं वाटा. वहीत पाच रकाने आखा: नाव, वर्षाचं उत्पन्न किंवा पुंजी, पैसा कुठून आला, लग्नाबद्दल काय बोलतं, प्रत्यक्षात काय करतं. शेवटचे दोन रकाने जिथे जुळत नाहीत तिथे खूण करा. सर्वांत जास्त खुणा एलिझाबेथ आणि डार्सी यांच्यापुढे पडतील. सर्वांत कमी शार्लटपुढे.

शेवटचं प्रकरण घाईत संपवू नका, सगळे लग्नघरासारखे तिथून पसार होतात. त्यात लिडियाचं पत्र आहे. एलिझाबेथचं अभिनंदन करून ती लगेच विषयाला हात घालते: विकमला दरबारात एखादी जागा मिळाली तर बरं, आणि वर्षाला तीन-चारशे पौंडांपर्यंत कुठलंही काम चालेल, डार्सीकडे बोलायचं नसेल तर राहू दे. एलिझाबेथ डार्सीकडे शब्द टाकायला तयार नाही. ती स्वतःच्या खर्चातून काटकसर करते आणि बहिणीला वरचेवर पैसे पाठवत राहते.